टाकसाळीचे सहा डबे

रिसबूडसाहेब रविवारी येणार म्हटल्यावर भागीरथीनं शनिवारीच फर्मान काढलं, की उद्या दुपारपर्यंत घरात मावरं, म्हणजे मासळी, शिजायचं नाही. डोंबिवलीचा बामण माणूस, दोन बस बदलून बाळकुमला येणार, त्याच्या नाकाला त्रास नको.

"आये, तो नाणी बघायला येतोय, जेवायला नाय," परशुराम म्हणाला.

"म्हनून काय झाला? पावना तो पावना."

परशुराम थोरला मुलगा, महापालिकेत पाणी खात्यात कारकून, सगळ्या बाळकुमची बिलं ह्याच्या टेबलावर. पण आईपुढे त्याचं काडीइतकं चालत नसे. त्यानं पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि आनंदनं, म्हणजे शेंडेफळानं, सतरंजीवर धुतलेली चादर अंथरली. चादरीवर एकेक करून सहा डबे आले. निळे, मखमली अस्तराचे, झाकणावर सोनेरी सिंह.

ह्या डब्यांवरून केणींच्या घराची पाड्यात काय कमी चेष्टा झालेली! मुंबईच्या टाकसाळीत खास नाण्यांचे सेट निघत. फोर्टात जाऊन रांग लावायची, फॉर्म भरायचा, आधी पैसे मोजायचे आणि सहा-आठ महिन्यांनी रजिस्टर पार्सल यायचं. दामाजीनं, म्हणजे परशुरामच्या बापानं, ऐंशी सालापासून सात-आठ वर्षांत असे सहा सेट घेतले. वागळे इस्टेटमध्ये बफिंग करणारा, म्हणजे फिरत्या चाकावर धातूला चकाकी आणणारा कामगार, ज्याचे वडील मिठागरात फावडं ओढत मेले, तो शंभराचं नाणं घ्यायला त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे देतो! "दामाजी बाजारान जाऊन पैशे इकत घेतो," असं त्याचा चुलतभाऊ धाकू हयातभर सांगत सुटलेला.

आणि आता, पंचाण्णव साली, तेच डबे कामाला यायचे होते.

गोष्ट साधी होती. तुळसाला गाळा हवा होता. तुळसा मधली, परशुरामच्या पाठची. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी आली. लोकांच्या मुली शिवणक्लास लावतात. ही बापाचा हात धरून वागळे इस्टेटमध्ये गेली आणि त्याच्या शेजारच्या चाकावर उभी राहिली. नळाच्या तोट्या, दाराच्या मुठी, स्कूटरचे पार्ट, काय येईल त्याला बफ मारायचा. तोंडाला फडकं, हात कोपरापर्यंत काळे. सहा वर्षं ती दुसऱ्याच्या चाकावर राबली. आता तिथलाच एक अर्धा गाळा रिकामा होत होता. मालकाला आठ हजार डिपॉझिट हवं होतं, तेही दसऱ्याच्या आत. नाहीतर एक प्लास्टिकवाला टपून बसलेलाच होता. दामाजी रिटायर झालेला, छातीत घरघर. त्यानं तुळसाला एवढंच सांगितलं होतं, "डबे तुझे. तुना गाला घेऊन देनार म्हंजे देनार."

शब्द दिला होता, आणि दामाजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रश्न एवढाच होता, की डब्यांचं करायचं काय.

"सहाच्या सहा आजच विकायचे," परशुराम म्हणाला. "येतील पंधरा-सोळा हजार. तुळसाचं डिपॉझिट सुटलं, वर चाकाची मोटारपण येईल."

"दादा, वेडा आहेस काय?" आनंद उसळला. तो नौपाड्यात कॉम्प्युटर शिकत होता आणि जगातलं सगळं त्याला कुठल्यातरी मासिकातून कळलेलं असे. "अमेरिकेत ग्रेडिंग करतात. आपलं नाणं पाठवायचं, ते लोक भिंगाखाली बघतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि पारदर्शक डबीत सील करतात. मग भाव तिप्पट. माझ्या मित्राचा भाऊ तिथेच आहे."

"तिप्पट येईपर्यंत गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनायला लागतील, त्याचं काय?"

"तुम्ही दोघं भांडा," तुळसा म्हणाली. "मी चहा टाकते."

दामाजी खिडकीपाशी बसून होता. त्याच्या हातात पितळेचा अडकित्ता होता आणि धोतराच्या सोग्यानं तो त्याला उगाच पुसत होता. त्या हाताला स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. तुळसा सहा वर्षं त्याच्या शेजारी राबली, पण तिची एक वस्तू त्यानं तशीच पुढे जाऊ दिली असेल तर शपथ! घ्यायचा, उजेडात फिरवायचा, नाक मुरडायचा आणि परत स्वतःच्या चाकावर धरायचा. "एक हात मारतू," म्हणायचा. तुळसा आधी रडायची, मग चिडायची, मग तिनं सोडून दिलं.

रिसबूडसाहेब अकराला आले. बँकेतून निवृत्त, नाणी जमवणारे, कडक इस्त्रीचा शर्ट, पायात सँडल आणि खांद्याला शबनम. त्यांनी पाणी घेतलं, चहाला नको म्हटलं, मग भागीरथीच्या चेहऱ्याकडे बघून अर्धा कप घेतला. शबनममधून पांढरे सुती हातमोजे निघाले, भिंग निघालं, एक छोटा टेबललॅम्पसुद्धा निघाला.

"केणी, तुमचं खरंच कौतुक आहे," ते म्हणाले. "माझे बँकेतले सहकारी अजून विचारतात, हे सेट असतात तरी कशाला म्हणून. आणि तुम्ही ऐंशीपासून घेताय! कशामुळे सुचलं?"

दामाजी लाजला. "आमच्या शेठच्या टेबलावर एक बगितलेला. मना वाटला, ह्यो चाकावर धरलेला नाय, तरी आरसा कसा? रातभर झोप नाय आली."

"प्रूफ नाणं म्हणतात त्याला. खास साचा, घासून तयार केलेली चकती, दोनदा ठोकतात. म्हणून मागची जमीन आरशासारखी आणि चित्र पांढरं, दुधी. ह्याला बोटसुद्धा लावायचं नाही." त्यांनी पहिला डबा उघडला. एशियाडचा, ब्याऐंशीचा. लहान पेचकसानं पारदर्शक झाकणाचे स्क्रू काढले, चांदीचं शंभराचं नाणं कडेला धरून दिव्याखाली नेलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

बराच वेळ गेला. आनंद पुढे सरकला. परशुरामनं मनातल्या मनात मोटारीची कंपनीपण ठरवली.

"अरेरे," रिसबूडसाहेब म्हणाले.

"काय झालं?"

"हे घासलंय कुणीतरी. पाहिलंत, टाकसाळीनं दिली त्यापेक्षा जास्त चकाकी आहे. चित्राचा दुधीपणा गेला. अक्षरांच्या कडा मऊ झाल्यात." त्यांनी नाणं जागेवर ठेवलं आणि दुसरा डबा ओढला. मग तिसरा. प्रत्येक वेळी भिंग, आणि प्रत्येक वेळी तसाच उसासा. पाच डबे झाल्यावर त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "पाचही. ह्यांना आता संग्राहकाच्या दृष्टीनं किंमत नाही. चांदीच्या वजनाचे पैसे येतील, बस्स. अमेरिकेत पाठवलेत तर नुसता शेरा येईल, पॉलिश केलेलं, म्हणून. मार्क नाहीत."

परशुरामची मान हळूहळू आईकडे वळली. वळणारच. केणींच्या ओट्यावरची पितळी भांडी सगळ्या पाड्यात प्रसिद्ध; दर रविवारी चिंच आणि राख घेऊन भागीरथी बसायची, आणि चमकणारं काहीही तिच्या तावडीतून सुटत नसे.

"आये!" परशुराम ओरडला. "लक्ष्मीपूजनाला काढलीस काय गं ही?"

भागीरथीनं नवऱ्याकडे पाहिलं. अडकित्ता पुसणारा हात थांबला होता. बस्स, तेवढ्यावरून तिला कळलं. चाळीस वर्षं त्या माणसाच्या सदऱ्यातला बफिंगचा काळा साबण तिनं दगडावर आपटून काढला होता. त्याच्या हाताचं तिला कळणार नाही तर कुणाला? दर खंडेनवमीला तो जेवणाच्या पिशवीत रुमालात गुंडाळून काहीतरी न्यायचा आणि संध्याकाळी खुशीत शीळ घालत यायचा. तिनं कधी विचारलं नव्हतं. पुरुषमाणसाला एखादी गोष्ट आपल्यापुरती असावी, असं तिचं मत होतं.

आता समोर परका माणूस, तीन मुलं आणि ज्याच्या हाताच्या कामाचं वागळे इस्टेटमध्ये नाव, तो माणूस चूक केलेल्या पोरासारखा मान खाली घालून बसलेला. तिला ते बघवेना.

"व्हय," ती म्हणाली. "मीच घासली. चिंचंन."

"काय केलंस तू हे! तुळसाचा गाळा गेला ना तुझ्या चिंचेपायी!"

"दादा, आवाज खाली," तुळसा म्हणाली. तिनं रिसबूडसाहेबांकडे हात पुढे केला. "काका, जरा भिंग द्याल?"

त्यांनी दिलं. तुळसानं नाणं कडेला धरलं, अगदी त्यांनी धरलं होतं तसंच, आणि दिव्याखाली तिरकं केलं. केसांपेक्षा बारीक रेषा, सगळ्या एका दिशेनं, खाली येता येता किंचित डावीकडे कललेल्या. दामाजीच्या उजव्या अंगठ्याचं टोक तरुणपणीच चाकात गेलेलं. त्यामुळे त्याचा दाब डाव्या हाताचा पडे. असा कल सबंध ठाण्यात दुसऱ्या कुणाच्या कामात नव्हता. शेजारी उभं राहून सहा वर्षं हाच कल तिनं उचलायचा प्रयत्न केला होता आणि तिला तो आला नव्हता. तिचा गाळा ह्याच रेषांनी गेला होता, तरी तिला पहिलं वाटलं ते हे, की काय काम आहे!

तिनं आईकडे पाहिलं. आईनं डोळे मोठे केले. तुळसानं भिंग खाली ठेवलं.

"असेल चिंच," ती म्हणाली.

"चिंच?" रिसबूडसाहेब बुचकळ्यात पडले. "नाही हो. चिंचेनं असं होणंच शक्य नाही."

"साहेब, तुमाला नाय म्हाईत," भागीरथी घाईनं म्हणाली. "आमची चिंच लय आंबट."

"वर राख पण लावते ती," तुळसानं भर घातली.

"हेच, हेच! राखेनं घासायची अक्कल कुणी..." परशुराम सुरू झाला, आणि तेवढ्यात खिडकीपासून आवाज आला.

"चिंचंन असा फिनिश येतो काय रं, गाढवा?"

दामाजी उठून उभा राहिला होता. खोकला आला, तो त्यानं आवरला. बायकोला पोरगा बोलतोय ह्याचं त्याला वाईट वाटत होतं हे खरंच. पण खोटं कशाला बोला, त्याहून जास्त त्याला झोंबली होती ती चिंच.

"चालीस वर्सं बाप कुठला काम करतो म्हाईत नाय तुना? सायबांना कलला, तुना नाय कलला. मलमलचा नवा चाक, पांढरा साबन, जोर न देता नुस्ता टेकवायचा. तवा ह्यो आरसा येतो. चिंच म्हनं!"

"बाबा, तू?" आनंदनं विचारलं.

"मग काय टाकसालीचा सायब आलेला?" आणि मग त्याचा आवाज एकदम बसला. तो रिसबूडसाहेबांकडे वळला. "साहेब, खंडेनवमीला आमी मशीनीची पूजा करतो. नवा चाक चढवायचा. नव्या चाकावर पयला काम लक्ष्मीचा. चांदीचा रुपया धरायचा, अशी आमच्यात रीत. मी म्हनला, रुपया कशाला, टाकसालीचाच धरतू. त्याच्यावर एक डाग दिसला मना. सरकारी काम, पन डाग र्‍हायलेला. मना वाटला, मी ते पुरा केला. मना वाटला, किंमत वाढंल."

शेवटचं वाक्य बोलताना तो तुळसाकडे बघत होता. "तुना शब्द दिला, आनि मीच वाट लावली गो पोरी," तो म्हणाला आणि खाली बसला.

तुळसा उठून त्याच्या बाजूला जाऊन बसली. परशुरामनं आईकडे बघितलं आणि कान पकडले, लहानपणी पकडायचा तसे. भागीरथीनं नुसतं "हूं" केलं, पण तिचा पदर डोळ्यांकडे गेला.

रिसबूडसाहेबांना अवघडल्यासारखं झालं. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी सहावा डबा ओढला. शहाऐंशीचा. मासेमारीचा सेट, नाण्यावर मच्छीमारांचं चित्र. भिंग लावलं. पुन्हा लावलं. मग ते ताठ बसले.

"हा वेगळा आहे. ह्याला कुणी हातच लावलेला नाही. जमिनीवर धुकट एक ठिपका आहे, पण तो टाकसाळीचाच. कसा काय वाचला हा?"

परशुराम म्हणाला, "त्या वर्षी दसऱ्याला कारखान्याच्या गेटला टाळं होतं."

शहाऐंशीचं ते टाळेबंदीचं सव्वा वर्ष! सेटचे पैसे आधीच भरलेले, पार्सल आलं ते घरात पीठ नसताना. भागीरथीच्या पाटल्या नौपाड्याच्या सराफाकडे गेल्या त्या परत आल्याच नाहीत. घोडबंदर रोडला तेव्हा इमारतींची कामं निघाली होती. तिथे ती सहा महिने डोक्यावर घमेली वाहत होती. परशुरामचं कॉलेज सुटलं ते सुटलंच. पुढच्या वर्षी चाक पुन्हा फिरलं, पण त्या डब्याला हात लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. तो पेटीच्या तळाशी गेला.

"मी ह्याचे पाच हजार देईन, आत्ता," रिसबूडसाहेब म्हणाले. "आणि खरं तेच सांगतो, अमेरिकेत पाठवलंत तर जास्त येण्याची शक्यता आहे. फी, टपाल आणि आठ-दहा महिने धरून चाला."

"बघ, मी सांगत होतो!" आनंद म्हणाला. "हा एकच परफेक्ट आहे. हाच पाठवायचा. ताई, थोडं थांब ना."

आणि सकाळी सगळं विकायला निघालेला परशुराम आता डबा उचलून छातीशी धरून बसला. "विकायचा नाय, पाठवायचा नाय. एकच तर राहिलाय बाबाचा. दहा वर्षं ठेवू. तुळसाचं डिपॉझिट मी सोसायटीचं कर्ज काढून भागवतो."

"कर्ज? तू काल पंख्याला पैसे नाय बोललास," आनंद म्हणाला.

"पंखा वेगळा."

गाळा तुळसाचा, पण बापाच्या शेवटच्या धड डब्यावर बोट कसं ठेवायचं? दामाजी तर तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता.

"इका," भागीरथी म्हणाली.

सगळे वळले.

"सायबांना देऊन टाका. बाकीचे पाच र्‍हाऊ द्या, ती ह्यांच्या हातची हायेत. ह्यो त्या वर्साचा हाय. माज्या डोक्याचे क्यास गेले घमेल्यापायी, ह्या पोराची शाला गेली, आनि ह्यो मखमलीवर झोपून र्‍हायला. नऊ वर्सं मी ह्याच्यावर पलंग टाकून झोपते. आता त्यानं कायतरी काम करावा. तुळसाचा गाला घ्यावा, आनि जावा माज्या घरातून."

एवढं लांब भागीरथी सहसा बोलत नसे. परशुरामनं डबा हळूच चादरीवर ठेवला.

"वरचे तीन मी घालतो," तो म्हणाला. "कर्ज नाय. साठलेत माझ्याकडे."

"पंख्याचे?" तुळसानं विचारलं.

"गप गो."

रिसबूडसाहेबांनी पाकीट काढलं. डबा शबनममध्ये जाणार, एवढ्यात दामाजीचा हात पुढे आला.

"साहेब, तो धुकट ठिपका हाय म्हनलाव ना... चाकावर नाय, नुस्ता मलमलन..."

"नको!" त्या घरातल्या सहा माणसांपैकी पाच जण एकदम ओरडले. रिसबूडसाहेबांचा आवाज सगळ्यात मोठा होता. मग हसता हसता भागीरथी म्हणाली, सायब, आता येव्हार झालाच हाय, तर सुके बोंबील चालतील काय? आणि रिसबूडसाहेबांनी इकडे-तिकडे बघून सांगितलं, की घरी बोलणार नसाल तर चालतील.

खंडेनवमीला नव्या अर्ध्या गाळ्यात झेंडूचं तोरण लागलं. मोटार जुनी होती, पण तुळसानं तिला हिरवा रंग दिला होता. चाकाला हळद-कुंकू वाहून झालं, नारळ फुटला. भागीरथी स्टुलावर बसली, मोठ्या सुनेसारखी डोक्यावरून पदर घेऊन. दामाजीनं पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून एशियाडचं शंभराचं नाणं.

"ह्याचा आता काय बिघडायचा र्‍हायला नाय," तो म्हणाला. "धर."

"तू धर ना, बाबा. पहिलं काम आहे."

"गाला कुनाचा?"

तुळसानं फडकं तोंडावर बांधलं. बटण दाबलं, मलमलचं पांढरं चाक घुमायला लागलं. तिनं साबण टेकवला, मग नाणं टेकवलं, जोर न देता. दामाजी मागे उभा होता. त्याचे हात दोन वेळा पुढे आले, दोन वेळा त्यानं ते पाठीमागे बांधले. चाक थांबल्यावर तिनं नाणं कापडानं पुसलं आणि त्याच्या तळव्यावर ठेवलं.

दामाजी ते घेऊन दारापर्यंत गेला. उजेडात तिरकं केलं, फिरवलं, डोळ्याजवळ नेलं. तुळसानं सवयीनं चाकासमोरची जागा सोडली आणि बाजूला झाली, त्याला त्याचा एक हात मारता यावा म्हणून.

दामाजी परत आला. चाकाकडे त्यानं पाहिलं नाही. पिशवीतून निळा डबा काढून उघडला, नाणं होतं तसं मखमलीत बसवलं, झाकणाचे चारही स्क्रू लावले आणि डबा तुळसाच्या फळीवर ठेवला.